टकटक थांबली तेव्हा

महिनाभर माझ्या सायकलीत कुठेतरी टक् टक् वाजत होतं. चढावर जास्त, उतारावर मुळीच नाही. मी चेनला तेल दिलं, मडगार्ड आवळलं, घंटा काढून ठेवली, खिशातल्या किल्ल्यासुद्धा रुमालात बांधून पाहिल्या. आवाज काही सापडेना. मग सोमवारी तो आपोआपच थांबला. सुटलो, म्हटलं.

आज हवा भरून घेताना नाक्यावरच्या सायकलवाल्या दगडूमामांना हे हसत सांगितलं. ते हसले नाहीत. हातातला पंप खाली ठेवून त्यांनी पुढचं चाक धरणारा चिमटा रॉकेलच्या फडक्याने पुसला. केसाएवढी चीर दिसली.

"वाजत होती तोवर सांगत होती, सर," ते म्हणाले. "फटीत माती बसली आन् गप झाली. आता ही मोडणार. बसू नका हिच्यावर."

सायकल हातात धरून मी चालत निघालो. किती गोष्टींचं वाजणं थांबलं की आपण त्यालाच बरं होणं समजतो! घरी अण्णा, माझे वडील, रोज चहाला नावं ठेवायचे. कधी पाणचट, कधी गार, कधी आलं कमी. चार दिवस झाले, निमूट पितात. "अण्णा निवळले हं," असं मी बायकोला म्हणालोही होतो.

घरी पोचलो तेव्हा अण्णांच्या पुढ्यात कप होता. चहावर साय धरली होती.

"चहा कसा झालाय, अण्णा?" मी विचारलं.

माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "छान."