वसुधाकाकूंचं विरजण

वसुधाकाकूंकडे मी पहिल्यांदा गेले ती हळदीकुंकवाला. हात धुवायचे म्हणून चुकून आतल्या बाथरूमचं दार उघडलं, आणि जागीच थिजले. टबमध्ये काचेच्या तीन मोठ्या बरण्या. आत जांभळं पाणी, वर फेस आणि बुडबुड आवाज.

"घाबरू नकोस गं," काकू मागून म्हणाल्या. "बिअर आहे. आंबट. आपल्या तुतीची."

कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात वाण, आणि हे वाक्य! मला हसावं की पळावं, कळेना.

इकडे आखातात, बुदैयात आमचे व्हिला शेजारी-शेजारी. काका एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर. मागच्या अंगणात काकूंनी खारट मातीशी भांडून वाढवलेली तुती. बार्लीचं पाणी उकळून त्यात त्या विरजण घालत, मग तुती, मग महिनोन्महिने वाट. कुणी घाई केली की म्हणत, "त्याला बोलवायला जाऊ नये. ते आपण होऊन आंबट होतं."

इथे आम्हाला दुकानातून बिअर विकत मिळते, पण घरी करणं गुन्हा. "काकू, कुणी तक्रार केली तर काकांचा व्हिसा खलास," मी एकदा न राहवून बोलले.

त्या तुती निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "निखिल बेल्जियमला शिकत होता. तिथे करायचा. सुट्टीत आला तेव्हा विरजणाची बाटली घेऊन आला, मला शिकवलं. परत गेला आणि सायकलवरून जाताना ट्रकखाली आला. ते विरजण तेवढं जिवंत आहे." आणि त्याच आवाजात पुढे, "चहा टाकू?"

त्यांना मुलगा होता, हेच मला माहीत नव्हतं.

मग त्या जुलैत त्यांचा एसी बंद पडला. भर दुपारी स्फोटासारखा आवाज ऐकून मी धावत गेले. बिअर भरून ठेवलेली बाटली उकाड्याने फुटली होती, आणि काका नेमके तिथेच होते. भिवईपासून गालापर्यंत रक्त.

"काय फुटलं?" हॉस्पिटलात डॉक्टरांनी हिंदीत विचारलं. मी काकूंचा हात दाबला. सॉसची बाटली म्हणा, पाण्याची म्हणा!

"घरात बिअर करत होते मी," काकू सरळ म्हणाल्या. "त्याची काच आहे. डोळ्यात गेली असेल तर नीट बघा."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग काकांच्या डोळ्याकडे. "बाल बाल बचे," एवढंच म्हणाले आणि टाके घालायला घेतले.

घरी येताच काकूंनी बरण्या बाथरूममध्येच ओतून टाकल्या. सगळीकडे आंबूस वास. मग फ्रिजमधून त्यांनी एक छोटी बाटली तिथे आणली. मी त्यांचं मनगट धरलं. "काकू, विरजण तरी ठेवा!"

"वसुधा, ते नको," दारातून काका म्हणाले. डोक्याला पट्टी, आवाज फाटलेला. "अगं, ते निखिलचं आहे."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या. "त्याच्या हातून तुमचा डोळा गेला असता. ते त्याला सोसलं असतं?"

त्यांनी बाटली उपडी केली. तळाचा साका निघेना, तो बोटाने खरवडून काढला. काका टबच्या काठावर बसले आणि हुंदके देऊन रडू लागले. काकूंनी ओला हात गाऊनला पुसला, आणि टाके सांभाळत त्यांचं डोकं पोटाशी धरलं.