कोरड्या क्लचची गाळलेली ओळ

मला हेवा वाटला, हे आधीच सांगून टाकतो. नंतर सांगितलं की माणूस सारवासारव करतो.

आम्ही दोघे मिठबावचे, शाळेत एकाच बाकावर बसलेले. मी आता हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, तो हापूसची बाग बघतो. दोघांकडेही आमच्या जन्माआधीची, साडेतीनशे सीसीची मोटारसायकल आहे. दोघांनीही ती शर्यतीसाठी सोलून काढलेली: मडगार्ड नाही, दिवा नाही, सीट एकट्यापुरती. वर्षातून एकदा कोल्हापूर-गोव्याकडचे जुन्या गाड्यांचे वेडे आमच्याकडे येतात आणि एका बागायतदाराच्या खासगी रस्त्यानं खालून थेट सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळी पठारावर, चढायची शर्यत होते. घड्याळ लावून एकेक गाडी सोडतात. बक्षीस आम्हा दोघांनाही कधी मिळालं नव्हतं. पण दरवर्षी मी त्याच्या दोन-तीन सेकंद पुढे असायचो, आणि तेवढ्यावर माझं वर्ष सुखात जायचं.

या गाड्यांचं दुखणं म्हणजे क्लच. लोखंडी, जड, तेलात बुडालेला. लिव्हर दाबून दाबून मनगटाचा पिट्टा पडतो. पन्नाशीनंतर तर शर्यत झाली की दोन दिवस डाव्या हातानं चहाचा कपसुद्धा उचलवत नाही. परदेशात काही कारागीर या जुन्या गाड्यांसाठी नव्यानं हलका क्लच बनवतात. ॲल्युमिनियमचा, साखळीऐवजी पट्ट्यावर फिरणारा, दोन बोटांनी दबणारा. वजन कमी, म्हणून इंजिन चटकन उचल घेतं. त्याचे फोटो मी दोन वर्षं मोबाइलवर बघत होतो, लग्नाळू मुलानं स्थळाचे बघावेत तसे. आणि मूर्खासारखे ते त्यालाही दाखवले. त्याचा धाकटा भाऊ बोटीवर असतो. यानं भावाला एक फोटो पाठवला, भावानं कुठल्याशा बंदरात तो क्लच मागवून घेतला आणि गणपतीला येताना बॅगेतून आणला. शोध माझा, आणि खोका त्याच्या पडवीत!

"बरा झाला हां," मी तोंडदेखलं म्हणालो. घरी येऊन बायकोवर उगीच खेकसलो.

पुढे बागेतल्या फवारणीत तो अडकला आणि तो खोका तसाच पडून राहिला. याचाही मला राग. मला मिळाला असता तर मी त्याच दिवशी बसवला असता. काही ना काही निमित्त काढून मी त्याच्याकडे जायचो आणि खोका अजून बंद आहे ना, ते बघून यायचो.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "मेल्या, ये वायच. ह्या इंग्रजी माझ्या बापाक कळाचा नाय."

गेलो. पडवीत गोणपाटावर त्यानं सगळे भाग मांडले होते. मी क्लचची टोपली, म्हणजे ज्यात गोल प्लेटी बसतात ते भांडं, हातात घेतली आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं. नारळाच्या करवंटीपेक्षा जड नसेल. मग त्यानं माझ्या हातात माहितीचा कागद दिला आणि मी वाचून मराठीत सांगू लागलो. कुठला नट किती आवळायचा, पट्टा किती ढिला ठेवायचा. क्लचच्या पेटीत तेल भरायचं नाही, कारण हा क्लच कोरडा चालतो, हेही सांगितलं.

"तेल नाय? मगे ह्यो प्लेटी गंजतल्यो मरे," तो म्हणाला. "थांब, बसवच्या आधी खोबऱ्याच्या तेलाचो हात मारतंय."

यात त्याचं काही चुकलं नाही. आमच्याकडे खारा वारा चार दिवसांत लोखंड खातो. कोयता असो, कुलूप असो, सायकलची साखळी असो, तेलाचा हात फिरवल्याशिवाय आम्ही काही ठेवत नाही. जुन्या क्लचच्या प्लेटी तर तेलात भिजवूनच बसवायच्या असतात. तो आत जाऊन तेलाची वाटी घेऊन आला.

कागदावरची पुढची ओळ माझ्या डोळ्यासमोर होती, तीही ठळक अक्षरांत. प्लेटींना तेलाचा किंवा ग्रीसचा थेंबही लागू देऊ नये, लागल्यास क्लच घसरेल. विसरलो म्हणावं, तर विसरलो नाही. नजर चुकली म्हणावं, तर ती ओळ मी दोनदा वाचली. मनात. मग पान उलटलं आणि स्प्रिंगांबद्दलचं मोठ्यानं वाचू लागलो. तो वाटीत बोट बुडवून एकेक प्लेट मायेनं पुसत होता.

संध्याकाळी त्यानं वाडीतल्या सपाट रस्त्यावर गाडी हळूहळू फिरवली. गुमान चालली. "लोणी रे, लोणी," तो ओरडला. मला वाटलं, नाही होणार काही. खरं सांगायचं तर, त्यानं मी जरा खट्टूच झालो.

दुसऱ्या दिवशी चढाच्या पायथ्याशी त्यानं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज तुझी दोन लेकरा हो सडो चढतत. दोघांच्याय गाडयेक सांभाळून घे, दोघांकय येश दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मी आधी सुटलो. जड क्लच, दुखता हात, तरी त्या दिवशी गाडी बरी चढली. वर पोचून मी कठड्याशी उभा राहिलो. त्याची गाडी सुटली, पहिलं वळण झकास घेतलं, आणि खडा चढ लागताच इंजिन नुसतं किंचाळायला लागलं. चाकापर्यंत जोर पोचेना. बघ्यांतून तो गाडी ढकलत वर आला, घामानं निथळत. जळक्या खोबरेल तेलाचा वास आधी वर आला, तो मागून. बघ्यांतल्या कुणीतरी शिट्टी मारली.

आमच्या साडेतीनशे सीसीच्या गटात मी पहिला आलो. आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्यांच्या आधी त्यानंच मला मिठी मारली.

दोन दिवसांनी त्यानं क्लच खोलला. प्लेटी काळ्या पडल्या होत्या. "काय झाला आसतला रे? परत एकदा वाच बघया," म्हणून त्यानं तोच कागद पुढे केला. आता पळवाट नव्हती. मी ती ओळ वाचली, अख्खी. माझाच आवाज मला परका वाटत होता. तो माझ्याकडे बघत होता आणि मी कागदातून मान वर काढू शकत नव्हतो.

"अरे देवा," तो म्हणाला. "म्हंजे चुकी माझीच. त्या दिवशी तू वाचलंस तेवा माझा सगळा लक्ष प्लेटींत होता. तू मास्तर माणूस, एक अक्षर सोडूचंस नाय."

त्यानं मला विचारलंसुद्धा नव्हतं. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

"व्हय," मी म्हणालो, "मी मोठ्यान वाचलेलंय."