नेम चुकवणारा व्हर्लन टॅकेट

व्हर्लन टॅकेट गेला तेव्हा टूसॉनच्या पेपरात पाच ओळी छापून आल्या. चार सिनेमाच्या, एक रोडिओची. मी बायकोला म्हटलं, मेल्यांनी माप उलटं घातलंय. अकरा वर्षं मी त्याच्या जोडीने दोर फेकला, तेव्हा चार शब्द बोलायचा मला हक्क आहे, आणि तो मी बजावणार आहे.

व्हर्लनचा बाप आमच्या पालो सेको गावाच्या आसपासच्या रँचवर पवनचक्क्या दुरुस्त करत हिंडायचा. बाप वर चढला की पोरगं खाली दोर घेऊन बसायचं. त्याने कोंबड्या धरल्या, कुंपणाचे खांब धरले आणि एकदा चर्चमधून बाहेर पडणाऱ्या पाद्रीबुवांनाही धरलं. त्याबद्दल मार खाल्ला. बाप मारून दमल्यावर म्हणाला, "पण धरलास मात्र बरोबर."

रोडिओतला आमचा खेळ दोघांचा. गोऱ्हा सुटला की मी घोडा घालून त्याच्या शिंगांत फास टाकायचा, दोर खोगिराच्या खुंटाला गुंडाळायचा आणि त्याला डावीकडे वळवायचं. मागून व्हर्लनने येऊन त्याचे दोन्ही मागचे पाय धरायचे. दोन्ही बाजूंचे दोर ताठ झाले की पंच झेंडा खाली करतो. गुंडाळताना बोट मध्ये आलं तर बोट जातं; माझ्या अंगठ्याचं एक पेर असंच गेलं. शिंगं कोणीही धरील. पळत्या जनावराचे पाय धरायला उपजत देणगी लागते, आणि हे मी, जन्मभर शिंगं धरणारा, सांगतोय. व्हर्लन म्हणायचा, "फास टाकायचा नसतो रे चानो, मांडायचा असतो. गोऱ्हा आपणहून पाय घालतो." त्याच्यासाठी घालायचा. चौतीस आणि पस्तीस साली राज्यात आमच्या पुढे कोणी नव्हतं. लोक त्याचं नाव आधी घ्यायचे, माझं नंतर, कधीकधी घ्यायचेच नाहीत. मला त्याचा हेवा वाटायचा. तरी माझ्या थोरल्या पोरीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मी त्यालाच उभं केलं, आणि त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणायला लागलो.

सदतीस साली सिनेमावाले आले. त्यांना घोडेस्वार हवे होते. मलाही घेतलं, दरोडेखोर म्हणून. मेक्सिकन तोंडाला त्यांच्याकडे दुसरं काम नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी मेलो आणि घरी आलो. व्हर्लनला खलनायकाच्या टोळीत घेतलं. काम एवढंच, की पळणाऱ्या हीरोच्या मागे घोडा घालायचा, फास फेकायचा आणि नेम चुकवायचा.

पहिल्या खेपेला त्याने हीरोला धरलं. दुसऱ्या खेपेलाही धरलं. तिसऱ्या खेपेला हीरो खोगिरावरून उचलला जाऊन धुळीत पडला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाची बाही निघून आली.

दिग्दर्शक म्हणाला, "अहो, तुम्हाला चुकता येत नाही का?"

"नाही साहेब," व्हर्लन म्हणाला. "कधी वेळच आली नाही."

त्याला चार दिवसांची मुदत मिळाली. चार दिवस तो गोठ्यामागच्या खांबावर चुकायला शिकत होता. मी बघायला गेलो तर त्याची बायको आयडेला पायरीवर बसून शेंगा निवडत होती.

"बघ तुझ्या कोंपाद्रेला," ती म्हणाली. "लोक चुकत चुकत धरायला शिकतात. आमच्याकडे सगळंच उफराटं."

"दुष्काळ आहे, गुरं विकली जातायत, रोडिओत पैसा उरलेला नाही," व्हर्लन खांबाकडे बघतच म्हणाला. "तूच म्हणालीस ना, जा म्हणून?"

"म्हणाले ना. अजून म्हणते. डावीकडे पडू दे जरा, खांबाला लागतोय."

तो शिकला, आणि असा शिकला की त्याच्यासारखं चुकणं पुन्हा कोणाला जमलं नाही. फास हीरोच्या टोपीवर मोठा उघडायचा, टोपीची कड हलवायचा आणि वीतभर डावीकडे पडायचा. दर वेळी तिथेच. पुढची चौदा वर्षं त्याने साठ-एक सिनेमांत नेम चुकवला. पडद्यावर त्याचं नाव कधी आलंच तर 'दुसरा गुंड' म्हणून. पण पालो सेकोच्या थिएटरात लोक त्याचीच वाट बघायचे. फास पडला की अख्खं थिएटर एका आवाजात ओरडायचं, "चुकला!" मी पण ओरडायचो, आणि खोटं कशाला सांगू, जरा मोठ्यानेच ओरडायचो.

दोन सिनेमांच्या मधे तो घरी यायचा. गावात सगळ्यांशी हात मिळवायचा, बियर पाजायचा. पण दर वसंतात कुरणावर वासरांना दोराने धरून डाग द्यायचं काम निघालं की त्याचा खांदा दुखायचा. मी चार वर्षं त्या खांद्यावर विश्वास ठेवला. पाचव्या वर्षी माणसं कमी पडली म्हणून त्याने दोर उचलला. वासरू सरळ पळत होतं, एखाद्या नवशिक्यानेही धरलं असतं. फास वीतभर डावीकडे पडला. त्याने दोर गोळा केला, घोडा बांधला आणि म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून डागण्या तापवायला लागला.  मी आयडेलाजवळ विषय काढला नाही.

एक्कावन्नच्या जूनमध्ये तो माझ्या दारात आला. कॉफीला नको म्हणाला.

"चार जुलैच्या रोडिओत नाव घातलंय. तुझं आणि माझं."

"मला विचारून घालायचं होतंस. मी पंचावन्नचा झालो."

"शिंगं धर, बाकी काही करू नकोस."

"व्हर्ल, कशाला? सगळं गाव येईल बघायला."

त्याने माझ्या घोड्याचा पाय उचलून नाल बघितला. मग म्हणाला, "एकदा कळायला पाहिजे, कोंपाद्रे. हा हात माझा राहिलाय का त्यांचा झालाय."

मी खोगीर काढून तेल लावायला घेतलं.

चार जुलैला गाव तर आलंच, पण आजूबाजूच्या तीन गावांतूनही लोक आले. माइकवरच्या माणसाने आमच्या चौतीस-पस्तीसच्या अजिंक्यपदांचं नावही घेतलं नाही. तो म्हणाला, "आणि आता, आपला लाडका बदमाश!" फाटक उघडलं. गोऱ्हा सुटला, मी शिंगं धरली, वळवलं. मागून व्हर्लन आला. जागा बरोबर होती, घोड्याची चाल बरोबर होती. फास सुटला आणि वीतभर डावीकडे पडला.

लोक वेडे झाले. टोप्या हवेत उडाल्या. बाकांवर उभे राहून सगळे ओरडले, "चुकला!" माइकवाला म्हणाला, "याचसाठी तर आलो होतो मंडळी!" त्यांना वाटलं, त्याने मुद्दाम केलं. मी दहा हातांवर होतो, मला त्याचं तोंड दिसत होतं. इतक्या वर्षांचा माझा हेवा त्या घटकेला संपला.

नियमाप्रमाणे दुसरा फास टाकता येतो, पण घड्याळ थांबत नाही. बक्षीस तर गेलंच होतं. मी गोऱ्ह्याला खेचून पुन्हा वळवलं आणि म्हटलं, "मांड, कोंपाद्रे. सावकाश मांड."

बाकांवरून ओरडा सुरू होता, "पुन्हा चुकव! पुन्हा चुकव!"

त्याने फास लहान केला. फिरवला दोनदाच, डोक्यावर न नेता, आणि गोऱ्ह्याच्या पोटाखाली उभा सोडला. दोन्ही पाय आत गेले. दोर खुंटाला बसला, ताठ झाला, झेंडा पडला.

थोड्या टाळ्या झाल्या, पुढाऱ्याचं भाषण संपल्यावर होतात तेवढ्या. कोणीतरी मागून म्हणालं, "हात्तिच्या, धरलं की." लोक पॉपकॉर्नवाल्याकडे वळले.

झेंडा पडला की दोर सैल सोडायचा असतो. व्हर्लनने सोडला नाही. गोऱ्हा दोघांच्या मधे ताणलेला उभा होता. पंच घोडा घेऊन जवळ आला. "झालं, टॅकेट. सोडा."

व्हर्लनने त्याच्याकडे बघितलंही नाही. "कोंपाद्रे, दोन्ही आहेत ना?"

"दोन्ही."

"तिथून नीट दिसतंय तुला?"

"दिसतंय रे. दोन्ही आहेत."

पंच माझ्याकडे वळला. "तुम्ही तरी सोडा हो, पुढची जोडी थांबलीय."

पुढची जोडी थांबली होती, ते खरं होतं. मी दोर खुंटाला आणखी एक वेढा दिला आणि पंचाला म्हटलं, "थांबू देत."