चुन्याची रेघ सरकवणारा चौकीदार

त्या तपासाची आठवण आली की आजही माझी मान खाली जाते. गुन्हेगार निसटला म्हणून नव्हे. गुन्हा झालाच नव्हता, आणि तरी इतकी लाज वाटावी असं दुसरं प्रकरण माझ्या सगळ्या नोकरीत झालं नाही.

तेव्हा मी इंदूरच्या पश्चिमेकडच्या एका थाण्याचा प्रभारी होतो. अन्नपूर्णा मंदिराच्या पुढे हातोदच्या दिशेने निघालं की तेव्हा शहर संपायचं आणि गव्हाची शेतं सुरू व्हायची. त्या शेतांमधलं एक लहानसं गाव आमच्या हद्दीत होतं. होळकरांच्या फौजेतल्या काही मराठी शिपायांना पूर्वी तिथे जमिनी मिळाल्या होत्या. त्यांची मोजकी घरं, आणि बाकी सगळे माळव्यातले शेतकरी. पुढे गावची पोरं सायकली मारत शहरातल्या गिरण्यांत जाऊ लागली. मग गिरण्यांना टाळी लागली आणि तीच पोरं पिकल्या केसांची होऊन हात हलवत गावात परत आली. नेमके त्याच सुमारास कॉलनाइझर आले. शेताचे प्लॉट पाडण्याला आमच्याकडे ‘कॉलनी कटणे’ म्हणतात. गावात कॉलनी कटली आणि बघता बघता दारोदार मोटरसायकली, नाक्यावर एसटीडी बूथ आणि शहरातल्या राजवाड्यापर्यंत टेम्पो सुरू झाला. गावाचा विकास झाला असं सगळे म्हणत. मीही म्हणत होतो.

एका सकाळी कॉलनीच्या मुकादमाचा फोन आला. कोपऱ्यातल्या प्लॉटचा पाया खोदताना हाडं निघाली होती, आणि ती फार लहान होती. मी गेलो, पंच बोलावले, पंचनामा केला. हाडं डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी तपासून सांगितलं की ही नवजात किंवा काही महिन्यांच्या बाळांची आहेत, एकापेक्षा जास्त बाळांची आहेत, आणि मृत्यूचं कारण आता सांगता येणार नाही. गाठोडं सीलबंद होऊन थाण्याच्या मालखान्यात, जप्त मालाच्या खोलीत, आलं.

लहान मुलांना आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं. म्हणून पहिला प्रश्न मी तोच विचारला. गावच्या पटेलांना, म्हणजे पाटलांना, आणि वडीलधाऱ्यांना थाण्यात बसवून म्हटलं, “ती जागा तुमच्या गावच्या बाळांची तर नाही ना?”

पटेल म्हणाले, “नी साब. हमारे बच्चे तो नाले के उस पार गाड़ते हैं. ये कोना तो खाली पड़ा था.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि जबाबाखाली सह्या केल्या. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, आणि माझ्यासमोर तर पाचही तोंडं एकच बोलत होती. मी विश्वास ठेवला. अशा गोष्टीत अख्खं गाव खोटं कशाला बोलेल?

मग राहिला एकच अर्थ. संध्याकाळच्या पेपरानं तो माझ्याआधी छापून टाकला होता: बाळं मारून पुरण्याचा अड्डा. वरून फोन सुरू झाले.

तेवढ्यात आमच्या एका खबऱ्यानं टीप दिली. कॉलनीच्या फाटकाशी त्याची चहाची गुमटी होती. “साहब, चौकीदार को पकड़ो. उस कोने में खुदाई होने ही नहीं दे रहा था. दो बार चूने की लाइन मिटा के सरका दी भिया ने. ठेकेदार से हाथापाई तक हो गई.”

खाली काय आहे हे ज्याला ठाऊक, तोच तिथे खोदू देणार नाही. मी चौकीदाराला उचलून आणलं.

तो त्या मराठी घरांपैकीच एकातला. गिरणीत कताई खात्यात उमर काढलेली, गिरणी बंद पडल्यावर कॉलनीवर चौकीदारी धरलेली. आमच्या हेडकॉन्स्टेबलसाहेबांचे हात शिवशिवत होते, पण मी त्यांना बाहेर पाठवलं. चहा दिला, दरडावलं, पुन्हा चहा दिला. त्याचं एकच पालुपद: “मला काही बोलायचं नाही साहेब. तुम्ही लिहा काय लिहायचं ते.”

दुसऱ्या दिवशीही तेच. माणूस गुन्हा लपवतो तेव्हा त्याचे डोळे तुमच्या चेहऱ्यावर असतात. तुम्हाला कितपत कळलंय ते तो जोखत असतो. हा मात्र सारखा खिडकीबाहेर बघत होता. बाहेर आवारात लिंबाच्या झाडाखाली त्याची बायको डबा घेऊन बसली होती. आल्यागेल्या शिपायाला ती एवढंच विचारायची, “त्यांनी खाल्लं का हो काही?”

तिची दोन मुलं लहानपणीच गेली होती, एवढं आम्हाला गावातून कळलं होतं. पेपरात छापून आल्यापासून लोक तिच्याकडेही वाकड्या नजरेने पाहू लागले होते. मी शेवटी म्हटलं, “ठीक आहे. तू बोलत नाहीस तर मी तिला आत बोलावतो. जमिनीखाली काय होतं ते ती सांगेल.” आणि महिला शिपायाला हाक मारली.

तो ताडकन उठला आणि त्यानं माझे पाय धरले.

“तिला नका विचारू साहेब. तिला काही मालूमच नाही. तिला मालूम पडू नये म्हणूनच तर मी गुपचूप बसलोय ना!”

मग तो बोलला. बाळ गेलं की गावातले पुरुष ते कपड्यात गुंडाळून घेऊन जात. बाईने मागे जायचं नाही, कुठे ठेवलं ते विचारायचं नाही, आणि पुरुषाने सांगायचं नाही. आईचा जीव तिथे अडकू नये म्हणून ही रीत. ती जागा कुठल्याच सरकारी कागदावर नव्हती. कॉलनाइझर आला तेव्हा पटेलांच्या ओसरीवर पुरुषांची बैठक बसली, आणि शेजारच्या शेतांबरोबर तो कोपराही देऊन टाकायचा ठरला. घरी बायकांनी विचारलं, त्या बाजूला आपली लेकरं तर नाहीत ना? सगळ्यांनी एकच सांगितलं: नाही, ती नाल्यापलीकडे.

“तेव्हापासून ती नाल्यावर जाऊन दूध वाहते साहेब,” तो म्हणाला. “मी तिथे चौकीदारी का धरली? निदान आपला तेवढा तुकडा तरी वाचवू म्हटलं. नाही वाचला. ठेकेदाराच्या मजुरांनी जिथे खोदलं, तिथेच माझी दोघं होती.”

माझ्या लक्षात आलं ते असं: एक निरपराध माणूस खुनाच्या संशयात बसला होता, गावातल्या प्रत्येक पुरुषाला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायला कोणीही थाण्याची पायरी चढला नव्हता. त्यांना पोलिसांची भीती नव्हती. घरच्या बाईसमोर उभं राहायची भीती होती.

चौकीदाराला घरी सोडलं आणि पटेलांना पुन्हा बोलावलं. ते नाकारण्याच्या भानगडीत पडले नाहीत. म्हणाले, “साब, कागद में लिखी लो. पण लुगायां के मत कीजो.” बायकांना सांगू नका, एवढंच.

मी म्हणालो, “उद्या त्याच जागेवर पंचांसमोर तुमचे जबाब होतील, आणि गाव बघायला येईल. आज घरी जाऊन सांगा. नाहीतर उद्या बायका माझ्या तोंडून ऐकतील.”

त्यांनी सांगितलं. कसं सांगितलं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी बायका आल्या त्या पुरुषांपासून लांब, वेगळ्या घोळक्याने. एकही रडत नव्हती. सगळ्यांत म्हातारी होती पटेलांची आई. ती मुलाला म्हणाली, “अब बता. कठे है?” पटेलांनी बोट दाखवलं. मग एकेक पुरुष पुढे होऊन आपापली जागा दाखवू लागला.

मी पुष्कळ गुन्हेगारांची ओळखपरेड घेतली आहे, पण इतक्या खाली गेलेल्या माना कधी पाहिल्या नाहीत. माझ्या थोरल्या भावाचं बाळ गेलं तेव्हा त्या इवल्याशा गाठोड्यामागे मीही चाललो होतो. परत आल्यावर अंघोळ केली, जेवलो, आणि वहिनीला एक शब्द सांगितला नाही. तिथे उभा असताना मला ते आठवलं. त्या रांगेत माझी जागा कुठे होती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं? गुन्हेगाराचं मौन फोडायला पोलीस पुरे पडतात. सभ्य माणसांचं मौन कोणत्याही कलमाखाली येत नाही, आणि ते भोगणारं माणूस बहुधा घरातच असतं. तपास खात्म्यात निघाला, म्हणजे गुन्हाच नाही म्हणून बंद झाला. कॉलनाइझरने तो कोपरा बगीचा म्हणून सोडून दिला, कारण पेपरातल्या बातमीनंतर तिथे कोणी प्लॉट घेणार नव्हतं.

चौकीदाराची बायको सगळ्यांत शेवटी पुढे आली. हातात दुधाचा तांब्या होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. पायासाठी खोदलेल्या चराकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. कुंपणाजवळच्या बाभळीकडे बोट करून म्हणाला, “तिकडे. दोघं तिकडेच आहेत. त्यांना कोणी हात नाही लावला.”

मला सगळं ठाऊक होतं. त्याचा जबाब मी स्वतः लिहून घेतला होता, आणि ते गाठोडं माझ्या मालखान्यात लाखेच्या सीलखाली पडून होतं. त्यातलं कोणाचं काय, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

ती माझ्याकडे वळली. “साहेब, हे खरं बोलतायत ना?”

“हो,” मी म्हणालो.

खोटं पकडण्यात उभी नोकरी गेली होती माझी. तिला ते पकडायला क्षणही लागला नाही. ती म्हणाली, “तुम्ही पण पुरुषच ना, साहेब.”

आणि बाभळीकडे न जाता ती सरळ त्या खोदलेल्या चराकडे गेली, काठावर बसली आणि तांब्या तिथे रिकामा केला.