चार हेडफोन आणि एक सुमनवहिनी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ड्रॉवरमधल्या वायरींसारखे ते आपले आपणच गुंतत जातात; एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. आमच्या ऑफिसातल्या हेडफोनवाल्यांचं तसंच झालंय. चहाला बसलं की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, तो औरंगपुऱ्यातल्या दुकानाचा सांगा ना," आणि मग बराच वेळ कुणी टेबलावर परतत नाही!

आम्ही चौघं. आस्थापना शाखेतले देशपांडे, आवक-जावक बघणारे दिगंबरभाऊ, टेक्निकलचे सलीमभाई आणि हिशेबातली मी. चौघांनाही घरी बसून गाणं ऐकायचं वेड, आणि चौघांच्याही घरात ते मोठ्यानं लावायची सोय नाही. कुणाकडे दहावीचं पोर, कुणाकडे सीरियल, कुणाकडे झोपलेलं म्हातारं माणूस. म्हणून हेडफोन. एकानं नवा घेतला की बाकीच्यांना आपापला जुना लगेच भिकार वाटायला लागायचा, एवढाच काय तो या छंदाचा तोटा.

*

दिगंबरभाऊंची शेती करमाडला, नोकरी शहरात आणि घर गारखेड्यात, माझ्या पुढच्याच गल्लीत. आमच्यात सगळ्यात तयार कान त्यांचा. त्यांनी "बरा हाय" म्हटल्याशिवाय आम्ही कुणी हेडफोन विकत घेत नव्हतो.

त्यांना पहिला चांगला हेडफोन घ्यायचा होता, तेव्हा मी सोबत औरंगपुऱ्यात गेले होते. दुकानदारानं त्याचं ठेवणीतलं गाणं लावलं. असं धडाम-धुडूम, की छातीत धडधडावं. भाऊंनी हात वर केला. "बंद करा ते."

"दुसरं लावू, काका?"

"काहीच नका लावू."

आणि नुसता हेडफोन कानावर घालून, डोळे मिटून, स्टुलावर बसून राहिले! गिऱ्हाइकं येतायत, बघतायत, आपसात हसतायत. मला कुठं तोंड लपवावं कळेना. शेवटी दुकानदार माझ्याकडे बघून काकुळतीनं म्हणाला, "आता चालू करू का?"

भाऊंनी एक डोळा उघडला. "थांबा हो! आधी कान दुखतोय का बघू द्या. गाणं तर चांगलंच असतंय, त्याची काय परीक्षा घ्यायची?"

तेव्हापासून हेडफोन घेताना आम्हीही तो असाच पारखतो. आम्ही दिसलो की तो दुकानदार स्वतःच गाणं बंद करतो आणि स्टूल पुढे सरकवतो.

*

देशपांड्यांचं मात्र उलटं. त्यांचं सगळं वाचून. एकेका हेडफोनचे रिव्ह्यू ते असे वाचायचे, जसं कुणी मुलीसाठी स्थळ बघावं. ऐन मे महिन्यात, पंखा गरम हवा फेकत असताना, ते आम्हाला समजावत होते, "याचा आवाज कसा, उबदार आहे."

सलीमभाईंनी कपाळावरचा घाम पुसला. "उबदार कायको, साहब? इस मौसम में थंडा वाला नहीं मिलता क्या?"

*

याच देशपांड्यांनी कुठंतरी वाचलं, की नवा हेडफोन लगेच ऐकायचा नसतो. आधी काही दिवस नुसता वाजवत ठेवायचा, म्हणजे तो मोकळा होतो. झालं! त्यांनी नव्या हेडफोनला गाणी लावून तो कपाटात शालींच्या शेजारी ठेवला आणि ऑफिसला आले.

घरी त्यांच्या आई. वय झालेलं, पण कान शाबूत. दुपारी त्यांना कपाटातून बारीक आवाजात कुणी गातंय असं वाटलं. दार उघडलं, तर हेडफोन एकटाच गातोय.

संध्याकाळी देशपांडे घरी गेले तर कपाट सताड उघडं, आणि आई समोर खुर्ची टाकून जपमाळ घेऊन बसलेल्या.

"आई, अगं हे काय?"

"काय म्हणजे? सकाळपासून बिचारा गातोय. गाणाऱ्यासमोर कुणीतरी बसावं रे!"

दुसऱ्या दिवशी हे सांगताना देशपांडे हसत होते, पण मधेच चष्मा काढून पुसायला लागले. त्या हेडफोनवर पहिलं गाणं त्यांनी आईंनाच ऐकवलं.

*

माझंही सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई दुसऱ्यांचंच सांगते.

हॉलमध्ये सासूबाईंच्या सीरियल, त्यामुळे माझं गाणं स्वयंपाकघरात, पोळ्या करताना. जुना हेडफोन कानाला घट्ट बसून घाम यायचा, म्हणून देशपांड्यांच्या सल्ल्यानं मी मागून जाळी असलेला घेतला. ते म्हणाले होते, "याचा आवाज अगदी मोकळा येतो, मॅडम." मोकळा म्हणजे किती मोकळा, ते नाही सांगितलं!

मी आपली खूश. माझं गाणं माझ्या कानात, घरात कुणाला त्रास नाही. एक दिवस बघते तर आमचे हे पेपर वाचता वाचता तेच गाणं गुणगुणतायत. म्हटलं, योगायोग असेल. मनं किती जुळतात आमची!

दुसऱ्या दिवशी सासूबाई टीव्ही बंद करून स्वयंपाकघराच्या दारात पाट घेऊन आल्या. मी हेडफोन काढला. "काही हवंय का, आई?"

"काही नको. कालचं शेवटचं गाणं कुकरच्या शिट्टीत गेलं बघ. ते आधी लाव."

तो हेडफोन मी अजून बदललेला नाही. पोळ्यांच्या वेळेला आमच्याकडे टीव्ही बंद असतो.

*

सलीमभाई या सगळ्यात वेगळे. त्यांनी नवा हेडफोन कधी घेतलाच नाही. आमचे मोडके जमवून, एकाची पट्टी, दुसऱ्याची वायर, तिसऱ्याचे स्पीकर असं जोडून त्यांनी एक तयार केला. कान जिथं टेकतो त्या गोल भागाला आम्ही वाटी म्हणतो. त्या वाट्यांवर त्यांनी लाल मखमलीच्या गाद्या शिवून घेतल्या होत्या, वर थोडी जर!

साहेबांनी तो टेबलावर बघितला आणि विचारलं, "कोणत्या कंपनीचा हो?"

"घर का है, साहब."

"आणि ही जर?"

"बेटी के शादी के जोडे का कपडा बचा था. अब वो हैदराबाद में." सलीमभाईंनी गादीवरून अंगठा फिरवला. "कान पे ये रहा तो गाना कोई भी चलो, अच्छाच लगता!"

आम्ही अपग्रेडच्या गप्पा त्या दिवसापुरत्या बंद ठेवल्या.

*

आता सुमनवहिनी. दिगंबरभाऊंच्या पत्नी. त्यांच्या लेखी हेडफोन म्हणजे सवत.

भाऊ टेपच्या डेकला हेडफोन लावून गाणी ऐकत. एकदा बसले की जेवायला दहा हाका मारा, ढिम्म हलायचे नाहीत. वहिनींनी भांडण-बिंडण काही केलं नाही. ताट वाढलं की सरळ जाऊन मेन स्विच बंद करायच्या! घरात अंधार, डेक गप्प, आणि भाऊ हात धुवायला मोरीत.

मग पोरानं वडिलांना वायरलेस हेडफोन आणून दिला. बॅटरीवर चालणारा, फोनवरून वाजणारा. भाऊ ऑफिसात म्हणाले, "आता करू दे म्हणावं मेन बंद!"

आठवड्याभरात स्वारी पडेल चेहऱ्यानं आली. मी विचारलं, काय झालं?

"काय सांगू, ताई. आता ती जेवायच्या वेळेला लाल मिरचीची फोडणी देती. खोकून खोकून जीव जातोय."

मी वहिनींना भेटल्यावर छेडलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "वायर नसली म्हणून काय झालं? नाक हाय ना!"

वायरलेस पोराकडे परत गेला. भाऊ पुन्हा वायरवाल्यावर आले, आणि तोही असा झकास घेतला, की देशपांडे त्याच्याकडे नुसते बघत बसायचे.

*

हसता हसता इथपर्यंत आले, आता जरा जपून सांगते.

एका सकाळी दिगंबरभाऊ उठले तर डाव्या कानानं काहीच ऐकू येईना. आदल्या दिवशी सगळं ठीक होतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या-इंजेक्शनं झाली. कान काही परत आला नाही.

ऑफिसात आले ते हसतच. आपल्या टेबलाजवळची खुर्ची उचलून उजव्या बाजूला ठेवली. "आजपासून कटकट करणाऱ्यांनी डाव्या बाजूला बसायचं!"

आम्ही हसलो. पण महिन्याभरानं देशपांड्यांनी नवा हेडफोन दाखवायला आणला, तेव्हा भाऊंनी तो हातात घेतला, गाद्या दाबून बघितल्या आणि कानाला न लावताच परत दिला.

"मऊ हाय. चांगला हाय."

देशपांड्यांनी तो हेडफोन दुकानात परतच केला. त्यांच्याच्यानं तो वाजवून बघवेना.

*

मग एकदा सुमनवहिनी रस्त्यात भेटल्या, हातात भाजीची पिशवी. मी भाऊंची तब्येत विचारली.

"तब्येत बरी हाय. पण गाणं बंदच केलंय त्यांनी. खोक्यात घालून कपाटावर ठेवून दिलं." त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आधी हाका मारून घसा सुकायचा माझा, ताई. आता मी नुसती उठले तरी मान वर करून बघतात. घर लई शांत झालंय हो. मला नाय सहन होत ते."

ज्या बाईनं वर्षानुवर्षं मेन स्विच बंद केला, ती बाई असं म्हणत होती. मला तिथं रस्त्यातच भरून आलं. म्हटलं, "बघते मी काहीतरी." काय बघणार होते, देव जाणे!

*

मी सलीमभाईंना सांगितलं. ते सरळ भाऊंच्या टेबलाशी जाऊन उजव्या बाजूला बसले. "भाऊ, एक कान तो सलामत है ना? उसमें सुनो!"

"ऐकून बघितलं, सलीम. माझ्याकडच्या सगळ्या मैफलींत पेटी उजवीकडं, तबला डावीकडं, गाणारा मधी. आता गाणारा येतोय, पेटी येतीय. तबला कुठं हाय तेच कळत नाय. त्यापरीस नकोच ते."

भाऊंच्या हेडफोनची वायर काढता-घालता येते, एवढं सलीमभाईंना माहीत होतं. त्यांनी घरी बसून दुसरी वायर बनवली. तिच्यातून दोन्हीकडचं सगळं गाणं एकट्या उजव्या वाटीत यायचं. डावी वाटी मुकी, नुसती डोक्यावर तोल राखायला. देशपांड्यांनी त्यासाठी पिना आणून दिल्या, तेही कुठला रिव्ह्यू न वाचता.

रविवारी आम्ही तिघं गारखेड्यात भाऊंच्या दारात. भाऊ म्हणाले, "कशाला उगा तरास घेता?" वहिनींनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. स्टुलावर चढून खोकं खाली काढलं, पदरानं धूळ पुसली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

भाऊंनी हेडफोन घातला. सलीमभाईंनी डेक लावला. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं, आम्ही नुसते भाऊंचं तोंड बघत होतो. ते भिंतीकडे बघत राहिले. देशपांडे मला हळूच म्हणाले, "नसेल जमलं."

तेवढ्यात भाऊ म्हणाले, "आला."

"क्या आया?"

"तबला आला, सलीम!" आणि घळाघळा रडायला लागले.

"आया तो मजा लो ना, रोते कायको!" असं सलीमभाई ओरडले खरं, पण त्यांचाच आवाज फुटला होता. वहिनी चहा टाकते म्हणून आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

*

त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या मुलाचा निकाल लागला, म्हणून पेढे द्यायला मी दुपारची त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं.

दोघं दिवाणावर भिंतीला टेकून बसले होते. हेडफोन भाऊंच्या डोक्यावर. उजवी वाटी त्यांच्या कानावर, आणि डावी वाटी उलटी फिरवून बाहेर तोंड केलेली. तिला सुमनवहिनींनी आपला कान लावला होता, त्यामुळे त्यांचं डोकं जवळजवळ भाऊंच्या खांद्यावर होतं. डोळे मिटलेले. शेजारी सुपात अर्धवट निवडलेल्या शेंगा.

सलीमभाईंची वायर गुंडाळून खुंटीला टांगलेली होती. हेडफोनला जुनी कंपनीचीच वायर लावलेली.

मी उजव्या बाजूनं जाऊन जरा मोठ्यानं विचारलं, "भाऊ, वायर बिघडली का हो?"

"नाय, ताई. लई झकास चालती."

"मग काढली का?"

"तिच्यात हिला काय ऐकू येत नव्हतं."

"अहो, पण मग तुमचा तबला?"

भाऊ नुसते हसले. वहिनींनी डोळे उघडले नाहीत की वाटीवरचा कान हलवला नाही. त्यांचा हात भाऊंच्या गुडघ्यावर होता आणि त्यावर बोटं ठेका धरत होती. तशाच त्या म्हणाल्या,

"तबला माझ्याकडं हाय, ताई!"