वगळलेला धडा आणि काकवी

जिच्या घरची काकवी रोज पोळीला लावून खाल्ली, तिच्या शब्दावर तुम्ही शंका घेतली असती का? काकवीच्या वासानं आजही कर्वेनगरची आमची खोली आठवते. मांजरी गावची ती आणि मी एकाच खोलीत राहायचो, दोघी डॉक्टर व्हायला निघालेल्या. क्लासमध्ये गुणांप्रमाणे बाक मिळायचे. मी तिच्या एक बाक पुढे. परीक्षेआधी एकदा मी एक धडा वाचायला घेतला. "तो धडा यंदा वगळलाय गं, वेळ नको घालवूस," ती म्हणाली आणि मी पुस्तक मिटलं. प्रवेश परीक्षेत त्याच धड्यावर प्रश्न आले. गेटबाहेर जाब विचारला, तर खाली बघत म्हणाली, "तू असताना मी कायम मागेच बसले असते." ते बाक मांडणाऱ्यांचा आजही संताप येतो, रडू मात्र तिच्यासाठी येतं. तुमची मुलगी क्लासहून आली की आज गुण विचारू नका. तिची मैत्रीण कशी आहे, ते विचारा.