आईच्या बाजूचा ब्रेक

बाबा जाऊन दोन महिने झाले. ते असतानाच गाडीचे ब्रेक करकरायला लागले होते. हे काम ते कायम स्वतः करायचे, म्हणून मीही गॅरेजला न जाता नवे पॅड आणले आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चाक खोललं. जॅकवर त्यांनी दसऱ्याला लावलेलं कुंकू अजून होतं. जपून धरूनही ते माझ्या हाताने पुसलं गेलं.

जुने पॅड संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखे पातळ झाले होते. प्रत्येक वेळी गाडी थांबवताना ते थोडे थोडे झिजत होते आणि आम्ही भावंडं मागे निवांत झोपलेली असायचो. माणूसही असाच झिजत असावा. करकर ऐकू येईपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

चाक लावून मी गाडीत बसले. आई शेजारी, तिच्या नेहमीच्या जागी येऊन बसली. मी ब्रेक दाबला तर पाय सरळ तळाला गेला. पायाखाली आधारच नव्हता.

"घाबरू नकोस," आई म्हणाली. "पॅड बदलले की बाबा दहा-बारा वेळा ब्रेक दाबायचे. मग लागतो."

मी दाबत राहिले. पेडल हळूहळू घट्ट होत गेलं. सहज शेजारी पाहिलं, तर आईही उजवा पाय मॅटवर दाबत होती. घाटात ती अशीच पाय रोवून बसायची आणि बाबा हसून म्हणायचे, "अगं, तुझ्या बाजूला ब्रेक नाही."

पेडल कडक झालं. मी पाय काढला. ती दाबतच राहिली.